‘येतें’ म्हणून गेलेली आई

घराबाहेर पडतांना ‘जातें’ म्हणावयाचें नाहीं, ‘येतें’ म्हणावयाचें, हा मराठी घरांतील जुना शिष्टाचार. मोठ्यांना त्यांत शुभशकुन वाटतो. तीन वर्षांच्या मुलाला मात्र त्यांत निव्वळ फसवणूक दिसते. आई ‘येतें’ म्हणते आणि जिना उतरून चालती होते. ती संध्याकाळीं परतेल, असें त्याला कितीदां तरी सांगितलेलें असतें. परंतु संध्याकाळ म्हणजे किती दूर, हें त्याच्या हिशेबांत अद्याप बसलेलें नसतें. मग कोणी तरी त्याला काऊ दाखवावयास खिडकीशीं नेतें आणि तेवढ्यांत आई पाठीमागून निसटते. रडें टळतें खरें; पण पाठ वळतांच आई नाहींशी होऊं शकते, हा नवा धडा मूल शिकतें, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला क्षणभरही सोडीत नाहीं. कामावर जाणाऱ्या बापालाही हेंच लागू.

अशा वेळीं चित्रांचें पुस्तक उपयोगी पडतें काय? पडतें, मात्र वाटेल तें नव्हे. शहाणीं मुलें रडत नाहींत, असें बजावणारीं पुस्तकें कपाटांतच बरीं.

मार्टिन वॉडेल यांनीं लिहिलेलें व पॅट्रिक बेन्सन यांनीं चितारलेलें ‘आउल बेबीज्’ हें इंग्रजी पुस्तक १९९२ सालीं निघालें. घुबडाचीं तीन पिलें रात्रीं जागीं होतात, तों ढोलींत आई नाहीं. (घुबड आपल्याकडे अशुभ मानलेलें, पण बेन्सन यांचीं तीं गुबगुबीत पांढरीं पिलें पाहिल्यावर आजीबाईंचाही विरोध फार वेळ टिकूं नये.) मोठी सारा तर्क करते कीं, आई शिकारीस गेली असावी, पर्सी तिला दुजोरा देतो, इवलासा बिल मात्र दर खेपेस एवढेंच म्हणतो कीं, त्याला आई हवी. लेखकानें बिलला शहाणपण शिकविलेलें नाहीं, यांतच त्या पुस्तकाचें मोठेपण आहे. कोल्ह्यानें आईला धरलें तर काय, ही सर्वांत वाईट शंकादेखील पिलें मनांत आणतात. आणि मग काळ्या रानांतून पंख पसरून, आवाज न करतां, आई येते.

हेंच पुस्तक मूल दहादां वाचावयास लावतें, तेव्हां मोठी माणसें कंटाळतात. फ्रॉइड यांनीं १९२० सालच्या आपल्या एका ग्रंथांत दीड वर्षाच्या नातवाचा खेळ वर्णिला आहे. दोरी बांधलेलें लांकडी रीळ तो पलंगाच्या पडद्याआड फेंकी आणि पुन्हा ओढून घेई. आईचें जाणें-येणें त्यानें आपल्या हातांत घेतलें होतें, असा अर्थ फ्रॉइड यांनीं लावला. चित्रपुस्तकाचें पान उलटणारें बोट हेंच करतें. खऱ्या आईस परत आणणें मुलाच्या स्वाधीन नसतें. पुस्तकांतल्या आईस असतें.

कामास गेलेल्या आईची कथा मराठी मुलखाला नवी नाहीं. गडावर दूध विकावयास गेलेली हिरकणी दरवाजे बंद झाल्यावर कडा उतरून तान्हुल्याकडे आली, ही आख्यायिका रायगडच्या बुरुजाला चिकटलेली आहे. पण तिचा सारा भर आईच्या धाडसावर. पाळण्यांतल्या जिवानें तो अंधार कसा काढला असेल? एखाद्या चित्रकारानें त्या बाजूनें ती कथा चितारली, तर लहानग्यांना ती अधिक जवळची वाटेल.

पुस्तक वाचावयाचें तें आदल्या रात्रीं, आणि शक्यतों जाणाऱ्यानेंच. सकाळीं दाराशीं तें उघडूं नये; तेथें तें लांच ठरतें. तेथें समोरासमोर निरोप घ्यावा, आणि परतण्याची वेळ मुलाच्या घड्याळानें सांगावी: दूधभात झाला, झोंप झाली, खेळ झाला, कीं आई आली. कांहीं मुलें पुस्तक हातीं येतांच शेवटचें पान उघडतात, आई आलेली आहे याची खात्री करून घेतात आणि मगच पहिल्या पानाकडे वळतात. त्यांना अडवूं नये.