शिरोड्याचा मास्तर आणि सातपुड्याची कादंबरी

(नंदुरबार जिल्ह्यातील शिक्षक-कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



वि. स. खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांची पंचाहत्तरी उलटली होती. मराठीच्या वाट्याला आलेले ते पहिले ज्ञानपीठ. ज्या ‘ययाति’ने त्यांना ही कीर्ती दिली, ती १९५९ साली, त्यांच्या एकसष्टाव्या वर्षी प्रसिद्ध झाली.

या कीर्तीची मुळे मात्र शिरोड्याच्या एका लहान शाळेत आहेत. १९२० साली खांडेकर तेथे शिक्षक झाले आणि १९३८ पर्यंत राहिले. ‘हृदयाची हाक’ ही पहिली कादंबरी १९३० ची, म्हणजे दहा वर्षे फळ्यासमोर काढल्यानंतरची. त्याच वर्षी शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. त्यांची भाषा अलंकारिक आहे, ध्येयवाद भाबडा आहे, हे आक्षेप रास्तच आहेत. तथापि खेड्यातील दारिद्र्य त्यांनी पुस्तकांतून नव्हे, तर समोरच्या बाकांवरून ओळखले, हेही तितकेच खरे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. शहाद्याच्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतून वाहरू सोनवणे यांची कविता उभी राहिली. मग धडगाव-अक्कलकुव्याच्या शाळांतील शिक्षकाच्या हातून सातपुड्याची कादंबरी का होऊ नये? भिलोरी, पावरी, मावची बोलणारी मुले रोज त्याच्यासमोर असतात.

अनुभवाची वाण नाही. वाण आहे स्थैर्याची आणि सवडीची. नव्या शिक्षकाला ‘शिक्षण सेवक’ म्हणून तीन वर्षे मानधनावर राबावे लागते. प्राथमिक शाळेत हे मानधन दीर्घकाळ ६,००० रुपये होते; २०२३ मध्ये ते १६,००० झाले. शिवाय जनगणना आणि निवडणुकीची कामे त्याच्याच माथी. मुलांची बोली कानाला परिचित होते न होते, तोच बदलीचा हुकूम येतो. खांडेकरांना शिरोड्यात अठरा वर्षे मिळाली होती.

तेव्हा केवळ थोर लेखकांच्या जयंत्या साजऱ्या करून भागणार नाही. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन, अशैक्षणिक कामांतून मुक्तता आणि गावागावांत ग्रंथालय, या मागण्या साहित्याच्याही आहेत. त्या आपल्या मागणीपत्रकात अग्रभागी असल्या पाहिजेत.