सीमेवरच्या ज्येष्ठांची पिशवी



बेळगावच्या परिसरात मराठी संमेलनाचा अध्यक्ष बोलायला उभा राहिला की जुन्या श्रोत्यांना १९४६ साल आठवते. त्या वर्षी ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढे दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले आणि शेजारचे चंदगड पलीकडे राहिले. तेव्हा विशीत असलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात रस्त्यावर उतरलेली पोरे साठीला आली. या पिढ्यांच्या लढ्यावर अशाच व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले गेले. त्या आज प्रवास कसा करतात, हाताशी काय घेऊन करतात, हे मात्र कुणी फारसे पाहिलेले नाही. आजचे भाषण त्यांच्या पिशवीविषयी आहे, आणि त्या पिशवीच्या जोडीने खिशात आलेल्या मोबाइलविषयी.

आधी प्रवासाचे साधन पाहू. निपाणीला रेल्वे नाही. लोंढा-मिरज लोहमार्ग बेळगाव आणि घटप्रभेवरून जातो, तो निपाणीकडे वळत नाही. रेल्वेत पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि बायकांना अठ्ठावन्न वर्षांनंतर ५० टक्के मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. पुण्याहून बेळगावमार्गे हुबळीला वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून धावते, पण यमकनमर्डीच्या किंवा संकेश्वरच्या आजोबांना तिचा उपयोग किती? त्यांची भिस्त महामार्गावरच्या बसवर. आणि बसचा प्रवास बहुधा मौजेचा नसतोच. बेळगावच्या मोठ्या इस्पितळात तपासणी, कोल्हापुरात दिलेल्या लेकीकडे मुक्काम, आदमापूरला बाळूमामांचे दर्शन, सौंदत्तीची यात्रा, पेन्शनसाठी बँक, कोर्टाची तारीख.

आता या प्रवासाला निघालेल्या बाईच्या हाती काय काय असते ते पाहावे. औषधांचा डबा, चष्मा, पाण्याची बाटली, चपाती-भाजीचा डबा, आधार कार्ड, दवाखान्याची फाइल. आणि एक्स-रेचे पाकीट. एक्स-रेची मोठी फिल्म १४ बाय १७ इंचांची असते. खांद्याला लावायच्या नेहमीच्या पिशवीत ती न दुमडता बसत नाही, म्हणून ती वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत जाते. म्हणजे एक हात तिथे गुंतला, दुसरा सामानात. बसची पहिली पायरी उंच, दाराजवळची दांडी पकडायला तिसरा हात कुठून आणायचा? चढताना माणसे पडतात ती इथे. तेव्हा या ज्येष्ठांसाठी नवी पिशवी बनवायची तर तिची पहिली अट साधी आहे: पायरीशी दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. खांद्यावरून तिरका जाणारा रुंद पट्टा हवा, मागच्या बाजूला एक्स-रे सपाट मावेल असा कप्पा हवा, आणि तळ असा की फलाटावर ठेवली तर ती आपली आपण उभी राहील. वरच्या कॅरिअरवर ती चढवावी लागू नये. मांडीवर किंवा सीटखाली मावावी.

यापुढचे बारकावे संधिवाताच्या बोटांना विचारून ठरतात. चेनीच्या टोकाला बोट जाईल एवढी कडी लागते. उचलायची मूठ बारीक दोरीची असली तर तळव्यात रुतते. तीन-साडेतीन सेंटिमीटर जाडीची असली तर कमी जोरात पकड बसते. चुंबकाची बटणे वापरायला फार सोपी, पण पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या छातीपासून चुंबक निदान १५ सेंटिमीटर दूर राहायला हवे, आणि तिरक्या पट्ट्याची पिशवी नेमकी छातीशी येते. चालू असलेली इन्सुलिनची बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण मेमधल्या बसच्या खिडकीशी नाही. ओल्या कापडाच्या बाष्पीभवनावर गार राहणारा छोटा कप्पा शिवून घेता येतो. त्याला वीज लागत नाही.

अशा गोष्टी टेबलाशी बसून सुचत नाहीत, याचा एक मोठा दाखला अमेरिकेतला. पॅट्रिशिया मूर ही तरुण डिझाइनर १९७९ मध्ये सव्विसाव्या वर्षी ऐंशीच्या पुढची म्हातारी बनून फिरू लागली. नजर धूसर करणारा चष्मा, कानात बोळे, सांधे वाकू नयेत म्हणून बांधलेल्या पट्ट्या. तीन वर्षे तिने अमेरिका आणि कॅनडातली शंभराहून अधिक शहरे अशी पालथी घातली. दार किती जड आहे, वळायला किती वेळ लागतो, दुकानदार कसा बोलतो, हे तिला तेव्हा कळले.

निपाणीला मात्र त्याहून जवळचा आणि अधिक न्याय्य दाखला आहे. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या बायकांवर माहितीपट केला. तो करताना त्या बायका कॅमेऱ्यापुढे नुसत्या उभ्या राहिल्या नाहीत, तो कसा असावा यात त्यांचा हात होता. मूरने वेश घेतला, कारण तिच्या काळच्या डिझाइन कचेऱ्यांत म्हाताऱ्यांना जागा नव्हती. सीमाभागात वेश घेण्याची गरज नाही. तेव्हा तिशीत असलेल्या त्या कामकरी बायका आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत, वखारीतल्या मालकाशी भांडून हक्क मिळवण्याचा त्यांना अनुभव आहे, आणि पिशवीत काय हवे ते त्या स्पष्ट सांगतील. त्यांना विचारायला जायचे की नाही, एवढाच प्रश्न.

त्यांच्या हातांकडे पाहिले तर मोबाइलच्या जगाचा एक दोष तिथेच दिसतो. वर्षानुवर्षे तंबाखू हाताळून आणि विडी वळून बोटांच्या टोकांची त्वचा कोरडी, टणक होते, रेषा झिजतात. अंगठ्याचा ठसा उमटत नाही, काचेच्या पडद्याला त्यांचे बोट लागल्याचे कळत नाही. दोनदा दाबले, काही झाले नाही, तिसऱ्यांदा जोरात दाबले तर भलतेच उघडले. मग घरातली नात म्हणते, आजी, तू हात नको लावू. दोष आजीच्या बोटाचा धरला जातो. तो यंत्राचा आहे. पिशवीच्या पट्ट्यावरच दोन खरीखुरी, दाबली की ‘टक’ वाजणारी बटणे बसवून ती मोबाइलशी जोडणे अवघड नाही. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो, म्हणून करड्या पार्श्वभूमीवर फिकट अक्षरे हा त्या वयावर अन्याय. आवाजाचेही तसेच. उतारवयात आधी तीव्र स्वर ऐकू येईनासे होतात, आणि उपकरणांची पिपाणी बहुधा तीन हजार हर्ट्झच्या आसपास वाजते. पाचशेच्या आसपासचा खालचा स्वर आणि पट्ट्यातली थरथर यांनी काम होते.

अशी सोय आधी नाकारली जाते आणि मग सगळेच ती घेतात. उपकरणांच्या इतिहासात याबाबत चाकाच्या सूटकेसची गोष्ट सांगण्यासारखी आहे. बर्नार्ड सॅडो यांना १९७० मध्ये विमानतळावर जड सूटकेस ओढताना ती कल्पना सुचली, १९७२ मध्ये पेटंट मिळाले, पण सुरुवातीला मोठ्या दुकानांनी माल घ्यायला नकार दिला. सामान उचलणे हे पुरुषाचे लक्षण, चाके कोण घेणार? १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने ती उभी करून वर ओढायचा दांडा लावला, आणि आज चाकांशिवाय सूटकेस शोधावी लागते. स्वयंपाकघरातल्या सोलाण्याला जाड, मऊ मूठ सॅम फार्बर यांनी पत्नीच्या संधिवातासाठी बसवून घेतली. १९९० मध्ये ती साधने बाजारात आली आणि धडधाकट बायकांनीही उचलली. त्यांवर ‘वृद्धांसाठी’ असे कुठे लिहिलेले नव्हते. सीमाभागातल्या पिशवीवरही ते लिहू नये. आपण म्हातारे आहोत याची पाटी छातीवर लावून कुणाला एसटीत बसायचे आहे?

उलट टोकाचा धडा ब्लूस्मार्ट कंपनीचा. सूटकेसमध्ये बॅटरी, जीपीएस, कुलूप, सारे मोबाइलवरून चालणारे. लोकांनी आगाऊ पैसे भरून ती घेतली. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकी विमान कंपन्यांनी न काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीच्या बॅगांवर बंदी जाहीर केली आणि २०१८ मध्ये कंपनी बंद पडली. ॲप थांबले की वस्तूही पांगळी होते, हा त्यातला खरा धोका. म्हणून या पिशवीत मोबाइलचा वाटा जाणीवपूर्वक लहान ठेवावा. चार्जिंग संपले, रेंज गेली, तवंदी घाटात गाडी बंद पडली, तरी पिशवीने आपले काम करत राहावे.

मग पिशवीच्या जोडीला मोबाइलवरच्या ॲपने करायचे काय? सीमेवर त्याला असे काम आहे जे कापडाला जमणार नाही. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या रहिवासी बायकांना साध्या बसमध्ये शून्य तिकीट मिळते. सोबत ओळखपत्र लागते. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी मोफत, पासष्ट ते पंचाहत्तर वयाला निम्मे भाडे, आणि मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या. निपाणी ते कोल्हापूर अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर, पण मध्ये सीमेवरची कोगनोळी लागते आणि नियमांचे पुस्तक बदलते. कोणत्या राज्याची गाडी, कोणते कार्ड, कुठपर्यंत फुकट, कुठून पैसे, हे सत्तरीच्या माणसाने कंडक्टरशी वाद घालत शिकायचे का? फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरून तंटा झाला आणि दोन राज्यांमधली बससेवा काही दिवस थांबली. त्या दिवसांत स्टँडवर येऊन परत गेलेल्या माणसाला घरीच कळले असते, तर रिक्षाचे पैसे आणि उन्हातली पायपीट वाचली असती.

दुसरे काम पाटी वाचण्याचे. देवनागरी वाचणाऱ्या डोळ्यांना कन्नड पाटी मुकी असते, आणि अथणीहून कोल्हापूरला आलेल्या कन्नड आजोबांना मराठी पाटी. कॅमेरा पाटीवर धरला की गावाचे नाव कानात सांगणारी साधने आज आहेत. ‘भाषिणी’ हा केंद्र सरकारचा भाषा-प्रकल्प २०२२ पासून आहे. पण पडद्यावरची वाक्ये कोण लिहिणार? इथे या मांडवातल्या लेखकांवर जबाबदारी येते. बटणावर ‘वर्तमान स्थान दर्शवा’ असे असले तर ते कुणी दाबणार नाही. ‘गाडी कुठं आली?’ असे असले तर निपाणीची आजी दाबेल. ही दोन-तीनशे वाक्ये नीट लिहायला कथाकारच लागतो, आणि शेजारी बसून तीच वाक्ये कन्नडमध्ये लिहिणारा कन्नड लेखक. बेळगावात दोन्ही भाषा घरात बोलणारी माणसे भरपूर आहेत.

तिसरी बाब नाजूक आहे. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाला वाटते, आई कुठे पोचली ते सतत दिसावे. काळजी खरी आहे. पण आई पार्सल नाही. ठावठिकाणा तिने बटण दाबले की जावा, तिने बंद केला की थांबावा. डिजिटल वैयक्तिक डेटाविषयीचा २०२३ चा कायदाही संमतीवर उभा आहे. हरवलेली पिशवी शोधायला छोटे ट्रॅकर मिळतात, पण आयफोनच्या जाळ्यावर चालणारा ट्रॅकर चिक्कोडीच्या स्टँडवर किती उपयोगी, तिथे बहुतेकांच्या हाती अँड्रॉइड असताना? आणि ज्यांच्याकडे बटणांचाच फोन आहे त्यांच्यासाठी आतल्या झाकणाला एक जाड कार्ड शिवावे: नाव, रक्तगट, रोजची औषधे, घरचा नंबर आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. मराठीत आणि कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरांत. चक्कर आलेल्या माणसापाशी पहिला पोचतो तो कंडक्टर. त्याला कुलूपबंद मोबाइल उघडता येत नाही.

हे सगळे बाहेरून आणावे लागणार नाही. बेळगाव-निपाणी महामार्गावरच हत्तरगीला २००९ पासून विमानांचे सुटे भाग बनतात. बेळगावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे आणि दर वर्षी अंतिम वर्षाचे विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. निपाणी-अथणी भागातल्या चर्मकारांनी तर सीमेपलीकडच्या कारागिरांशी मिळून वस्तू करण्याचा मार्ग आधीच घालून दिला आहे: २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून, बेळगावसह. दोन राज्यांच्या कारागिरांची एक वस्तू कागदावर एक झाली, आणि कारागिराची माहिती सांगणारा क्यूआर कोडही आता तिच्यावर येऊ लागला आहे.

संमेलनाच्या संयोजकांकडे म्हणून एक मागणी आहे. ठरावांच्या यादीत हाही एक घ्यावा: लेखक, विद्यार्थी, चर्मकार आणि वखारीतल्या निवृत्त बायका यांची एक समिती नेमावी, आणि पहिले नमुने बेळगाव-निपाणी-कोल्हापूर मार्गावर, पावसाळ्यात आणि यात्रेच्या गर्दीत, त्या बायकांच्याच खांद्यावर तपासावेत. किंमत त्यांना विचारून ठरावी. पट्ट्याचे बक्कल, चेन, शिवणीचा दोरा असा निवडावा की तो स्टँडबाहेर बसणाऱ्या चांभाराच्या पेटीत असेल आणि बिघडलेली पिशवी पुढची गाडी यायच्या आत दुरुस्त होऊन हातात पडेल.