भिंतीवरची छत्री
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने दिलेले भाषण)



आपल्या शिवणवर्गाच्या खोलीला यंदा रंग दिला आणि समोरची भिंत मोकळी राहिली. तिच्यावर कोणते चित्र लावावे, यावर कार्यकारिणीच्या तीन बैठका झाल्या! कुणी सरस्वती सुचवली, कुणी गुलाबाचा गुच्छ. मी म्हटले, "बलूनमधून उडी घेणारी बाई लावा." सगळ्याजणी हसल्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "मग वर्धापनदिनी तुम्हीच कारण सांगा." म्हणून आज मी आपल्यापुढे उभी आहे.

२२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसच्या मोन्सो बागेतून आंद्रे-झाक गार्नेरँ नावाचा गृहस्थ बलूनखाली टांगलेल्या टोपलीत बसून वर गेला. टोपली आणि बलून यांच्या मध्ये रेशमाची मिटलेली छत्री होती. सुमारे ३,००० फुटांवर त्याने दोर कापला. बलून वर निघून गेले, छत्री उघडली आणि टोपली खाली येऊ लागली. त्या काळी फोटो नव्हते. त्यामुळे हा प्रसंग लोकांच्या घरी पोचला तो छापील चित्रांतून. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरून कागदावर ठसा घ्यायचा आणि मग हाताने रंग भरायचा. अशा चित्रांत मिटलेली छत्री एकीकडे आणि उघडलेली दुसरीकडे दाखवलेली असते. दोन आकृतींत सारी कथा! भिंतीवरच्या चित्राला आणखी काय हवे?

पण चित्र एक गोष्ट लपवते, तीही सांगते. चित्रात टोपली देव्हाऱ्यातल्या घंटेसारखी सरळ लोंबते. प्रत्यक्षात ती भयंकर झोके खात होती, कारण छत्रीच्या माथ्याला हवा जाण्यासाठी भोक नव्हते. कोंडलेली हवा कधी या काठाने निसटे, कधी त्या काठाने. पुढे माथ्याला भोक ठेवू लागले, तेव्हा झोके कमी झाले. आपल्या चुलीलाही धुराडे लागतेच ना!

आता बायकांची गोष्ट. १७९८ साली गार्नेरँने एका स्त्रीला बलूनमधून वर नेण्याचे जाहीर केले, तेव्हा पॅरिसच्या पोलिसांनी हरकत घेतली. उंचावरच्या विरळ हवेचा नाजूक स्त्रीदेहावर काय परिणाम होईल, आणि परपुरुषाबरोबर इतक्या जवळ बसणे शोभेल का, अशा त्यांच्या शंका! शेवटी मंत्र्यांनी निकाल दिला की, स्त्री-पुरुष एका गाडीत बसतात, तसेच हे. बंदी उठली आणि सिटिझन आँरी नावाची ती तरुणी वर जाऊन सुखरूप उतरली. पुढच्याच वर्षी, १२ ऑक्टोबर १७९९ रोजी, झान लाब्रोस हिने सुमारे ९०० मीटरवरून छत्रीने उडी घेतली. अशी उडी घेणारी ती पहिली स्त्री. पुढे ती गार्नेरँची पत्नी झाली आणि १८०२ साली छत्रीच्या पेटंटचा अर्ज त्याच्या वतीने तिनेच केला.

भगिनींनो, त्या पोलिसांच्या शंका वाचल्या आणि मला माझी चौदाव्या वर्षीची सायकल आठवली. थोरल्या भावाची सायकल मी अंगणात दोन फेऱ्या चालवली. तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी अगदी हेच दोन मुद्दे काढले. देह नाजूक आणि चार लोक काय म्हणतील! मंत्री काही आमच्या अंगणात आले नाहीत. सायकल माळ्यावर गेली आणि मी स्वयंपाकघरात.

तिसरी बाई आपल्या खोलीला सर्वांत जवळची. जर्मनीतली केटे पाउलुस ही मूळची शिवणकाम करणारी. १८९३ साली तिने पहिली उडी घेतली. १८९४ साली तिचा सहकारी हेर्मान लाटेमान याची छत्री उघडली नाही आणि तो तिच्या डोळ्यांदेखत गेला. तरी तिने हे काम सोडले नाही. पुढे पहिल्या महायुद्धात तिने जर्मन सैन्यासाठी सुमारे ७,००० छत्र्या तयार केल्या. एका शिवणीवर माणसाचा जीव तोललेला असतो, हे तिला कुणी शिकवायला नको होते.

कुणी म्हणेल, पडणाऱ्या बाईचे चित्र अशुभ. पण चित्रात पडणे कुठे दिसते? दिसते ते कापड, आणि त्याने तोलून धरलेले माणूस. शिळाछापाची कला आणि गार्नेरँची उडी, दोन्ही १७९०च्या दशकातली. त्याच शिळाछापाने १८९४ नंतर राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती आपल्या घरांत आल्या. तेव्हा सरस्वतीला हलवू नका. तिच्या शेजारी थोडी जागा करा, एवढेच माझे मागणे.

वर्गातल्या मुली मान खाली घालून टाके घालतात. टाका उसवला की कंटाळतात, "एवढ्याने काय होतंय?" म्हणतात. अशा वेळी त्यांनी मान वर केली, तर समोर ती छत्री असावी.

माळ्यावरची सायकल केव्हाच भंगारात गेली. भिंत अजून मोकळी आहे. आपण सर्वजणींनी विचार करावा, ही विनंती.