सतराची बेरीज



या संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी तुम्ही माझं नाव काढलंत, तेव्हा घरी पहिला प्रश्न आला, ‘पण तुम्ही लिहिलंय काय?’ प्रश्न रास्त आहे. मी एक ओळ लिहिलेली नाही. पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेली पृष्ठं तावावर कुठं पडायची, एवढंच पाहत आलो. लेखकाला वाटतं, आठव्या पृष्ठानंतर नववं आपसूक येतं. ते येत नाही, आणावं लागतं. त्यासाठी नवव्याला आधी सोळाव्याच्या डोक्याला डोकं लावून उलटं झोपवावं लागतं. आजचं भाषण या झोपवण्याबद्दल, म्हणजे फर्मा लावण्याबद्दल आहे.

इथं जे प्रकाशक आणि लेखक बसले आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मुद्रकांनी तेवढा वेळ पान खावं. एक कोरा ताव घ्या. अर्ध्यात घडी घाला, पुन्हा आडवी अर्ध्यात, पुन्हा अर्ध्यात. तीन घड्यांत आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठं झाली; हा एक फर्मा. कडा न कापता, कोपरे बोटानं उचलून पेन्सिलीनं 1 ते 16 आकडे घाला आणि ताव उलगडा. एका बाजूला तळाच्या ओळीत 4, 13, 16, 1 दिसतील आणि वरच्या ओळीत, पाय आभाळाकडे केलेले, 5, 12, 9, 8. मागच्या बाजूला उरलेले आठ. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, पोरानं आकडे उधळलेत.

मी कामाला लागलो तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. आमच्या फोरमनना सगळे काका म्हणत. काकांनी मला तो ताव दाखवला आणि म्हणाले, ‘बेरीज कर.’ चार अधिक तेरा, सतरा. सोळा अधिक एक, सतरा. पाच नि बारा, नऊ नि आठ, सगळीकडे सतरा. पुस्तकाच्या पाठीकडे जी दोन पृष्ठं एकमेकांना भिडतात, त्यांची बेरीज त्या फर्म्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पृष्ठाच्या बेरजेइतकीच भरते. दुसऱ्या फर्म्यात 17 आणि 32, म्हणून 49. तिसऱ्यात 33 आणि 48, म्हणून 81. ‘बेरीज चुकली की फर्मा चुकला. मात्र बेरीज जुळली म्हणजे फर्मा बरोबर, असं समजू नकोस,’ हेही काका म्हणाले होते. मी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं.

त्यात खिळ्यांचा जमाना. खिळ्यांच्या फर्म्यात सगळं आरशातलं. कागदावर एक नंबर उजव्या कोपऱ्यात, तर दगडावर तो डाव्या कोपऱ्यात. जुळाऱ्यानं दोऱ्यानं बांधून ठेवलेली पानं उचलायची, दगडावर मांडायची, मध्ये लाकडाच्या पट्ट्या भरायच्या, लोखंडी चौकटीत कसायचं, आणि उचलून मशीनवर न्यायचं. नेताना चौकट सैल निघाली, तर सोळापैकी आठ पृष्ठांचे खिळे फरशीवर.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक कादंबरी बिघडली. दुसरा फर्मा, आतली बाजू. 26 आणि 27 ही पृष्ठं दगडावर शेजारी शेजारी असतात. मी त्यांची अदलाबदल केली. पाठीकडे भिडणारी बेरीज मी एकाच टोकाला तपासली होती, ती जुळली, आणि मी गाडी सोडली. हजार प्रती म्हणजे हजार ताव, म्हणजे दोन रीम कागद. वाचक 25 वरून 27 वर जायचा, मग 26, मग 28. नायिकेचे सासरे 27 वर गेले होते. 26 वर ते चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरत होते. लेखकमहाशयांनी पहिली प्रत हातात घेतली, वाचली, आणि माझ्या मालकांना विचारलं, ‘हा प्रयोग माझ्या नावावर खपवायचा का?’ नव्या कागदाचे पैसे माझ्या पगारातून चार महिने कापले गेले. मला ते अजिबात अन्यायाचं वाटलं नाही. वाटलं ते इतकंच, की घडी घातलेला कागद हातात धरून एकदा चाळला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

बांधणीखात्यातल्या बायकांना हे आमच्याआधी कळायचं. हाडाची पट्टी फिरवत त्या दिवसभर ताव मोडत. कागदाची कड कडेला जुळवून घडी घालणारी नवखी. जुनी बाई ताव उजेडाकडे धरून पृष्ठाच्या आकड्यावर आकडा आणायची, मग घडी. कागद तिरका कापलेला असू शकतो. आकडा तिरका नसतो. पुढे सगळे फर्मे टेबलावर रांगेनं मांडायचे आणि टेबलाभोवती फिरत एकेक उचलत पुस्तक गोळा करायचं. दर फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, प्रत्येक फर्म्याची थोडी खाली. गठ्ठा जुळला की खुणांचा जिना दिसतो. जिन्याची एक पायरी गायब म्हणजे फर्मा राहिला, पायरी दुप्पट म्हणजे दोनदा आला. युरोपात हेच काम पहिल्या पृष्ठाच्या तळाशी अक्षर छापून करत, आणि लॅटिन वर्णमालेच्या 23 अक्षरांनी पुस्तक मोजत. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत 17, 33, 49 या पृष्ठांच्या तळाशी बारीक आकडा सापडतो, तो याचसाठी.

आता एक आडवळण. आपल्या पोथीला यातलं काहीच लागत नव्हतं. पोथीचं पान सुटं. ते वर उचलून उलटायचं, आकडा पृष्ठाला नाही, पानाला. एक पान वाळवीनं खाल्लं तर एकच पान गेलं. म्हणूनच मराठीत आजही ‘पान’ म्हटलं की पृष्ठ की पत्र, हा गोंधळ होतो; छापखान्यात त्यावरून मी भांडणं पाहिली आहेत. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली शिळाछापावर पंचांग छापलं. छापील ग्रंथाला विटाळ मानणाऱ्यांसाठी शाईत चरबीऐवजी तूप घातलं, ही कथा आपण सगळे सांगतो. शाईच्या विटाळाची एवढी चर्चा झाली, पण सुटं पान जाऊन घडीचं पुस्तक आलं, याची कुणी दखल घेतली नाही. घडीत एक पान दुसऱ्याशी जन्माचं बांधलेलं असतं. पहिलं पान फाडा, आठवं सुटतं. बांधणीकार या घडीच्या गठ्ठ्याला जुज म्हणतात; अरबीत जुज म्हणजे भाग, त्यातून जुजबंदी. हा शब्द मला ‘सेक्शन सुइंग’पेक्षा कितीतरी आवडतो, आणि तो मरू लागला आहे.

फर्मा लेखकाच्या लिखाणातही हात घालतो, हे कुणी कबूल करत नाही. हस्तलिखित लागून 163 पृष्ठं भरली. दहा फर्मे म्हणजे 160. वरच्या तीन पृष्ठांसाठी वेगळा तुकडा छापायचा, वेगळा मोडायचा, वेगळा जोडायचा. मग संपादक ऋणनिर्देशाकडे वळतो. या धंद्यात मी निदान तीन लेखकांचे मेहुणे कापले आहेत. प्रकाशकांना माझं सांगणं आहे की पृष्ठसंख्येचा हिशेब लेखकाला मजकूर घेतानाच सांगा, मुखपृष्ठ ठरल्यावर नको.

आता हे सगळं संगणक करतो. पीडीएफ टाकली, फर्मा निवडला, प्लेट तयार. मला त्याची तक्रार नाही. माझ्यापेक्षा तो बेरीज बरी करतो. पण त्याला सांगितलेलंच तो करतो. एका दिवाळी अंकाची 96 पृष्ठं मधोमध पिन मारून बांधायची होती. म्हणजे एकात एक घातलेले 24 दुमडलेले कागद. कागद 0.1 मिलिमीटर जाड धरला तरी सगळ्यात आतला कागद बाहेरच्यापेक्षा सव्वादोन मिलिमीटर पुढे सरकतो. कापणीत तेवढी कड जाते. आतल्या पृष्ठांचा मजकूर त्या मानानं पाठीकडे ओढायला हवा होता; संगणकाला तसं कुणी सांगितलं नाही. मधल्या पृष्ठावर एका कवीच्या नावातलं शेवटचं अक्षर कटाईच्या पातीखाली गेलं. कवी मोठे होते, त्यांनी मनावर घेतलं नाही. त्यांच्या सौभाग्यवतींनी घेतलं.

तेव्हा, प्लेट काढण्याआधी कोरा कागद मोडा, त्यावर आकडे घाला, आणि तो कामाच्या पाकिटात ठेवा. नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवा, पडदा नंतर दाखवा. मागणीनुसार दोन-चार प्रती काढणाऱ्या नव्या यंत्रांचं वेगळं आहे. तिथं पानं सुटीच छापतात आणि पाठीला डिंक लावतात. एका अर्थी पोथीच परत आली, फक्त चिकटवलेली. डिंक वाळून ठिसूळ झाला की ती पुन्हा सुटी होईल. अशी पुस्तकं काढायला माझी हरकत नाही. त्यांची किंमत जुजबंदीच्या पुस्तकाइतकी लावायला आहे.

शेवटी, तुमच्या हातातल्या स्मरणिकेबद्दल. ती 64 पृष्ठांची ठरली होती. जाहिराती उशिरा आल्या आणि माझं भाषण लांबलं, म्हणून 68 झाली. चार पृष्ठांचा वेगळा कागद शेवटच्या फर्म्याभोवती गुंडाळला आहे: 49, 50 आणि 67, 68. माझं भाषण 49 वर सुरू होतं. 67 वर शाईच्या कंपनीची जाहिरात आहे, तिच्यात सवलतीचं कुपन आहे, आणि ते तीस तारखेपर्यंत चालतं. कुपनासाठी अख्खं पान ओढून काढलंत तर माझं भाषण पहिल्याच पानापासून सुटेल. कात्री वापरा, आणि पाठीपासून बोटभर जागा सोडून कापा.