गोळीबार आणि वाद्यवृंद

१९०५ सालच्या जानेवारींतील एका रविवारीं सेंट पीटर्सबर्ग या रशियाच्या तत्कालीन राजधानींत हजारों मजूर झारच्या हिंवाळी राजवाड्याकडे निघाले. पुढें गॅपॉन नांवाचा पाद्री. हातांत देवांच्या तसबिरी, खुद्द झारचीं चित्रें आणि एक विनंतिअर्ज. अर्ज घ्यावयास झार राजवाड्यांत नव्हताच. सैनिकांनीं मात्र बंदुका झाडल्या व शेंकडों माणसें मृत वा जखमी झालीं.

याच शहरांत १९०६ सालीं जन्मलेल्या दिमित्री शोस्ताकोविचनें १९५७ सालीं आपली अकरावी सिंफनी या प्रसंगावर रचली. तींत शब्द एकही नाहीं. चारी भाग मध्यें न थांबतां सुमारें एक तास चालतात.

वाद्यांतून बंदुकीचा आवाज काढणें फारसें अवघड नव्हे. तें नाटकमंडळींतला पडद्यामागचा गडीहि करील. शोस्ताकोविचची थोरवी निराळीच आहे. आरंभीं तंतुवाद्यें अनेक सप्तकांत पसरलेला षड्ज-पंचम दबक्या आवाजांत धरून बसतात. दुरून नगारा घुमतो, कर्णा वाजतो. बर्फानें गोठलेलें तें मैदान! बराच वेळ कांहींच घडत नाहीं. उतावळ्या श्रोत्यास हा भाग कंटाळवाणा वाटतो. परंतु पुढील घटनेचें मोल येथेंच ठरतें. दुसऱ्या भागांत जमावाची विनवणी वाढत जाते, तोंच ताशाच्या जातीचें लष्करी वाद्य कडाडतें आणि सारा वाद्यवृंद त्या माऱ्यांत सांपडतो. मग एकाएकीं सर्व बंद. पहिलेच थंड स्वर परततात, पण आतां ते थरथरत असतात. मैदान तेंच आहे. माणसें तेवढीं नाहींत.

तिसऱ्या भागांत व्हायोलांवर मजुरांचें एक शोकगीत येतें. चौथ्यांत क्रांतिगीतांची गर्दी अंमळ अधिकच झाली आहे. हें चित्रपटाविना चित्रपटसंगीत होय, असा टीकाकारांनीं घेतलेला आक्षेप तेथें थोडासा खरा वाटतो. या रचनेस १९५८ सालीं लेनिन पारितोषिक मिळालें. गंमत अशी कीं, १९५६ सालीं हंगेरींतील उठाव सोव्हिएट रणगाड्यांनीं चिरडला होता, व अनेक श्रोत्यांनीं या सुरांत त्याच गोळ्या ऐकल्या.

अखेरीस घंटा वाजूं लागतात. त्यांत कोमल आणि शुद्ध असे दोन्ही गांधार एकमेकांशीं झगडतात. तंटा मिटत नाहीं. कांहीं वाद्यवृंदचालक तर वाद्यें थांबल्यावरहि घंटेचा नाद विरेपर्यंत हात खालीं घेत नाहींत.