बेळगावच्या उपनगरांतील प्राथमिक शाळा : वास्तू आणि वारसा



शाळेला स्वतःची इमारत असावी, हा विचार या प्रांती तसा अर्वाचीनच. पंतोजींची शाळा देवळाच्या ओवरीत, मठाच्या पडवीत वा एखाद्या सद्गृहस्थाच्या सोप्यात भरे. धूळपाटीवर अक्षरे गिरवली जात आणि पाढ्यांचा घोष रस्त्यापर्यंत ऐकू येई. १८५५ साली मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते स्थापन झाले. पुढे शेतसाऱ्यावरील एक आण्याच्या पट्टीला १८६९ च्या कायद्याचे अधिष्ठान मिळाले व तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे वळला. शाळा ओवरीतून स्वतःच्या छपराखाली आली, ती या क्रमाने.

बेळगावात या इतिहासाला आणखी एक पदर आहे. शहर ब्रिटिश अंमलाखाली होते. त्याला लागूनच असलेले विणकरांचे शहापूर मात्र १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. तेथील विद्यालयाला लाभलेले ‘चिंतामणराव’ हे नाव सांगलीकर पटवर्धनांची आठवण आजही जागती ठेवते. दोन राजवटींचे दोन कारभार. परंतु पाऊस, माती आणि दगड एकच. त्यामुळे जुन्या शाळांची घडणही बव्हंशी एकाच वळणाची झाली.

खाणीतून काढताना जांभा मऊ असतो. वारा-उन्हाने तो टणक होत जातो. त्याच्या जाड भिंती, वर उतरते कौलारू छप्पर आणि समोर लांबलचक व्हरांडा, हे या वास्तूंचे सामान्य रूप. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यावर तशी कौले दूरवर पोहोचली. व्हरांडा ही केवळ शोभा नव्हे. बेळगावच्या मुसळधार पावसात तो भिंती राखतो, ओल्या छत्र्यांना जागा देतो, आणि खोली अपुरी पडली की तेथेच एक वर्ग बसतो. खिडक्या मुलांच्या डावीकडे ठेवण्याचा नियमही असाच सकारण होता: लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर पडू नये.

इमारत उभी राहिली, तरी तीत येणार कोण, हा प्रश्न उरलाच होता. निपाणीच्या पलीकडे, कोल्हापूर संस्थानात, राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पुढच्याच वर्षी विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा झाला. शाळेचे दार आता हक्काने उघडू लागले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-क हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्यास राज्याने झटावे, असे ते सांगते. सीमा आखणाऱ्या दिवसानेच सीमेवरच्या बालकाला हे अभिवचन दिले, ही गोष्ट मराठी व कन्नड, उभय भाषिकांनी ध्यानी धरण्याजोगी आहे.

परंतु अभिवचन कागदावर वसत नाही; त्याला छप्पर लागते. एक कौल सरकले की पाणी वाशात मुरते, वासा कुजतो, खोली बंद पडते. खोली बंद पडली की पट घटतो, आणि पट घटला म्हणजे शाळाच मिटवण्याचा विचार सुचतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे हे किरकोळ डागडुजीचे काम नव्हे. जुनी वास्तू राखावयाची ती स्मारक म्हणून नव्हे, तर तीत उद्या सकाळी बालके आपल्या भाषेत पहिले अक्षर लिहिणार आहेत म्हणून.