जाताना शिदोरी कोणती न्यावी?

(परदेशी शिक्षणासाठी निघालेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर खांदा कॉलनी येथे झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी याच खांदा कॉलनीत वाढले. खांदेश्वराच्या तळ्याकाठी खेळले आणि खांदेश्वर स्थानकावरून हार्बरच्या गाडीने महाविद्यालयात जात राहिले. त्या काळी कुणी परदेशी शिकायला निघाले, की सारी इमारत निरोपाला खाली उतरत असे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि विमाने आता जणू आपल्या दारातूनच उडू लागली. येथे जमलेल्यांपैकी काहींच्या घरी बॅगा भरण्यास सुरुवातही झाली असेल. बॅगेचे वजन किती असावे हे विमान कंपनी ठरवते. तिच्याबरोबर आणखी कोणती शिदोरी असावी, हे आज मला सांगायचे आहे.

गणिताच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात असताना मला जर्मनीतील ग्योटिंगेन या गावी एका सत्रासाठी विनिमय विद्यार्थिनी म्हणून जाण्याची संधी मिळाली. पालकांसाठी थोडे स्पष्ट करते. विनिमयात विद्यार्थी आपल्याच संस्थेचा राहतो. एक-दोन सत्रे तो यजमान विद्यापीठात शिकतो आणि तेथे मिळवलेले श्रेयांक इकडच्या पदवीत धरले जातात. दोन्ही संस्थांत तसा करार असेल, तर तेथील शिक्षणशुल्कही माफ असते. युरोपात ही प्रथा १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेने रुजवली. पहिल्या वर्षी ११ देशांतील अवघे ३,२४४ विद्यार्थी तिच्यात सहभागी झाले होते. पुढे २००४ साली इरॅस्मस मुंडुस योजनेने युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही दार उघडले. एक व्यवहाराची गोष्ट मात्र अनुभवाने सांगते. तिकडचे कोणते विषय इकडे ग्राह्य धरले जातील, याचे लेखी पत्र निघण्यापूर्वीच हाती घ्यावे.

ग्योटिंगेनची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या पनवेलपुढे लहानसे गावच. पण तेथील विद्यापीठ १७३७ पासून चालू आहे. रस्त्याने जाताना घराघरांवर संगमरवरी पाट्या दिसतात. या घरात कोणता विद्वान कोणत्या वर्षी राहिला, ते त्यांवर कोरलेले असते. गाउस या थोर गणितीने याच गावी काम केले. लोककथा जमवणारे ग्रिम बंधू येथेच प्राध्यापक होते. मुख्य चौकात हंस राखणाऱ्या एका मुलीचा पुतळा आहे, पीएच.डी. मिळवणारा प्रत्येक जण वाजतगाजत येऊन तिला फुले वाहतो. विद्येचा असा घरगुती सन्मान पाहून मन भरून आले. रविवारी दुकाने बंद, डिसेंबरात साडेचारला काळोख आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सहा देशांच्या फोडण्या! आईने दिलेले मेतकूट तिसऱ्याच आठवड्यात संपले.

आता मुख्य प्रसंग. नोव्हेंबरात वसतिगृहात एक कार्यक्रम झाला. प्रत्येकाने आपल्या देशाची ओळख करून द्यायची होती. मी मोठ्या अभिमानाने उभी राहिले. शून्य भारताने जगाला दिले, हे वाक्य पडद्यावर ठळक अक्षरांत दाखवले. टाळ्या पडल्या. मग संस्कृतचा अभ्यास करणाऱ्या एका जर्मन विद्यार्थ्याने हात वर केला आणि अत्यंत नम्रपणे विचारले, "शून्याचे नियम कोणत्या ग्रंथात प्रथम आले? भारतातील कोणत्या शिलालेखात ते कोरलेले आहे?"

मंडळी, मी गणिताची विद्यार्थिनी होते. मला एकही नाव, एकही साल सांगता आले नाही. त्याच्या स्वरात उपहास असता तर मी भांडले असते. पण त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते, आणि माझ्याजवळ देण्यासारखे काही नव्हते. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी ग्रंथालय गाठले. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला; शून्याशी बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसे करावेत, याचे नियम त्यात आहेत. शून्याने भागण्याचा त्याचा नियम मात्र आजच्या गणिताला मान्य नाही, हेही तेव्हाच समजले. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात ८७६ सालचा लेख आहे. त्यात २७० ही संख्या शून्यासह कोरली आहे. त्याहून कितीतरी जुने अंक आपल्या जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहेत. सातवाहनांच्या त्या लेखात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. शून्य आणि स्थानमूल्य यांचे महत्त्व तो लेख पाहिल्यावर खरे उमगते. नाणेघाटाची ही माहिती मला ग्योटिंगेनच्या ग्रंथालयात मिळावी, याची लाज वाटली.

त्याच ग्रंथालयात मला पुणे भेटले. फ्रान्झ कीलहॉर्न हे जर्मन विद्वान १८६६ ते १८८१ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. पगार प्राध्यापकाचा, पण वृत्ती विद्यार्थ्याची! पुण्याच्या शास्त्र्यांकडून त्यांनी पारंपरिक व्याकरण समजून घेतले आणि पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती तीन खंडांत सिद्ध केली. ती मुंबईतून १८८० ते १८८५ या काळात प्रसिद्ध झाली. पुढे १८८२ पासून अखेरपर्यंत ते ग्योटिंगेनला शिकवत राहिले. डेक्कन कॉलेजात त्यांच्या जागी आले रामकृष्ण गोपाळ भांडारकर, आणि त्यांना १८८५ साली ग्योटिंगेन विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. आपल्या शास्त्रीबुवांकडे देण्यासारखे काही होते, म्हणून हे आदानप्रदान घडले.

आपल्या बाजूचे उदाहरण विष्णु सीताराम सुकथनकर यांचे. ते केंब्रिजला गणित शिकले, पुढे बर्लिनला संस्कृत संशोधनाकडे वळले. हस्तलिखिते ताडून मूळ पाठ कसा निश्चित करावा, ही विद्या तेथून आणून त्यांनी ती महाभारताच्या कामी लावली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९२५ पासून ते या कार्याचे प्रमुख संपादक होते. त्यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. त्यांच्या निधनानंतरही काम थांबले नाही. १९६६ साली संपूर्ण चिकित्सक आवृत्ती तयार झाली.

त्याच १९३३ साली ग्योटिंगेनमध्ये उलटे घडत होते. हिटलरच्या राजवटीने ज्यू प्राध्यापकांना पदांवरून दूर केले. एमी नोएदर अमेरिकेत गेल्या. माक्स बॉर्न इंग्लंडला गेले आणि पुढे काही महिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही राहिले. गणिताची जागतिक राजधानी म्हणवणारे ते गाव एका वर्षात ओस पडले. इमारती, ग्रंथालये जागच्या जागी होती. माणसे गेली होती. आपली मुले कायमची तिकडे राहतील काय, या काळजीने ज्यांना झोप येत नाही, त्या पालकांना या गोष्टीचा अर्थ निराळा सांगायला नको. मुले परत यावीत असे वाटत असेल, तर येथे त्यांच्या हातांना सुकथनकरांसारखे मोठे काम मिळाले पाहिजे. ती जबाबदारी त्यांची एकट्यांची नव्हे, आपल्या सर्वांची आहे.

मार्चमध्ये परतण्यापूर्वी मी त्या जर्मन मित्राला पुन्हा गाठले आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर साल, ग्रंथ आणि शिलालेखासह दिले. त्याने वही काढून ते लिहून घेतले. नोव्हेंबरातल्या टाळ्यांपेक्षा त्या वहीचा मला अधिक आनंद झाला. आपल्या पूर्वजांविषयीचा अभिमान योग्यच आहे. पण तो अभ्यासाने कमवावा लागतो, नुसता वारशाने मिळत नाही.

परत आल्यावर पावसाळा संपताच मी वडिलांबरोबर नाणेघाट चढले. लेण्याच्या भिंतीवरचे ते अंक दाखवताना बाबा म्हणाले, "इतकी वर्षे येथे राहिलो, आणि हे पाहायला तू जर्मनीला जाऊन यावे लागले!"

माझ्या धाकट्या भावंडांनो, तुम्ही मात्र हा क्रम उलटा करा. व्हिसाचे कागद जमवता जमवता एक रविवार नाणेघाटासाठी काढा, एक दिवस पुण्याला भांडारकर संस्थेत जाऊन या. आपल्या विषयातील एका भारतीय ग्रंथाची तरी मुळातून ओळख करून घ्या. मेतकूट संपेल; ही शिदोरी पुरेल.